पेन्सिलीची रेघ

“पाणीवाल्या मावशी गेल्या, कळलं का तुला?”

“कोण, त्या प्रोफेसर? ज्यांनी शुभांगीच्या किचनची भिंत फोडायला लावली, त्या?”

“त्याच गं. बिचाऱ्या. स्वभावाने चांगल्या होत्या पण.”

श्रूजबरीतल्या इंडियन ग्रोसरीच्या रांगेत दोघी माझ्या पुढे उभ्या होत्या. त्यांची ट्रॉली भरलेली होती, माझ्या हातात मेथीची एक जुडी आणि दह्याचा डबा. मी त्यांना ओळखत नव्हते, त्याही मला ओळखत नव्हत्या. त्यांच्या त्या दोन वाक्यांत दोन चुका होत्या. प्रमिलामावशी प्रोफेसर नव्हत्या, आणि ती भिंत त्यांच्यामुळे फुटली नव्हती. पहिली चूक मावशींनी स्वतःच, तिथल्या तिथे, रांगेतसुद्धा दुरुस्त केली असती. दुसरी दुरुस्त करू शकेल असं एकच माणूस उरलं होतं आणि ते मेथीची जुडी धरून गप्प उभं होतं. त्या दोघी बिल देऊन गेल्या. मीही दिलं. बाहेर पार्किंगच्या कडेला काळवंडलेल्या बर्फाचे ढीग अजून होते. आमच्या लॅबमध्ये फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो, त्यामुळे सकाळपासून तो बघितलाच नव्हता. गाडीत बसून पाहिला तर निखिलदादाचे तीन मिस्ड कॉल होते आणि एक मेसेज. ‘आई सकाळी गेली. झोपेतच. जमेल तेव्हा ये.’ ज्यांच्या शेजारी मी दोन वर्षं राहिले, त्या गेल्याचं मला असं कळलं...

शेजारी म्हणजे त्यांच्याच घरात, एक मजला खाली. अमेरिकेत वुस्टरला एमएस करायला आले तेव्हा मी निखिलदादाच्या घराच्या बेसमेंटमध्ये एक खोली भाड्याने घेतली होती. बेसमेंटच्या एका बाजूला माझी खोली, दुसऱ्या बाजूला वॉशिंग मशीन, ड्रायर आणि खिडकीखाली एक लांब टेबल. टेबलावर लोणच्याच्या रिकाम्या काचेच्या बरण्या ओळीने मांडलेल्या होत्या आणि वर ताणलेल्या दोरीला कपड्यांच्या चिमट्यांनी पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या लटकवलेल्या होत्या. पहिल्या दिवशी मला वाटलं, घरातल्या मुलीचा काहीतरी क्राफ्टचा पसारा असेल. संध्याकाळी पायऱ्या उतरून मावशी आल्या. सुती साडी, वर मुलाचा जुना स्वेटर, पायात मोजे. “काय करून राहिली? सामान लावलं का?” असं अमरावतीच्या चालीत विचारलं. मी म्हटलं, हो आजी. त्यावर त्या टेबलापाशी थांबल्या. “आजी नको म्हणू. आजी म्हटलं की लोक खुर्ची देतात आणि हातातलं काम काढून घेतात. मावशी म्हण.”

त्या दिवसापासून मावशी.

मी फारशी बोलत नाही. शाळा इंग्लिश मीडियमची, घरात मराठी, पण ती ऐकण्यापुरती; त्यामुळे मराठीत बोलायचं म्हटलं की मी आधी वाक्य मनात जुळवते आणि ते जुळेपर्यंत समोरच्याचा विषय बदललेला असतो. मावशींना याची अडचण वाटली नाही. त्यांना बोलायला नव्हे, कागद धरायला कोणीतरी हवं होतं. आठवड्याभरात मी रोज संध्याकाळी त्या टेबलाशी उभी राहू लागले. मी शिकत होते ते पाण्याचंच इंजिनिअरिंग, पण आमच्या युनिव्हर्सिटीत पाणी तपासायचं म्हणजे नमुना मशीनला द्यायचा आणि स्क्रीनवर आकडा वाचायचा. मावशींच्या टेबलावर आकडा नव्हता. तिथे डोळ्यांनी दिसायचं.

हे सुरू झालं ते त्यांच्या नातीमुळे. रियाच्या शाळेत सायन्स फेअर होती, आणि वर्गातली निम्मी मुलं बेकिंग सोड्याचा ज्वालामुखी करणार होती. मावशींनी तिला म्हटलं, फेस काय बघायचा, धातू बघ. मग शाळेच्या सायन्स टीचरच्या मदतीने लहान लहान बाटल्यांत हवी ती रसायनं आली, आणि आजी-नातीने घरच्या नळाच्या पाण्यात काय आहे ते फिल्टर पेपरवर उतरवून दाखवलं. रियाला बक्षीस मिळालं नाही. मावशींना टेबल मिळालं.

पद्धत साधी होती आणि त्या ती पूजेसारखी नाही, स्वयंपाकासारखी करायच्या. म्हणजे गडबड न करता, पण मन दुसरीकडे न जाऊ देता. पाणी काचेच्या बीकरमध्ये हळूहळू आटवायचं, पेलाभर पाण्याचं चमचाभर होईपर्यंत. फिल्टर पेपरच्या पट्टीवर खालून दोन बोटांवर पेन्सिलने एक रेघ मारायची. पेन्सिलनेच, कारण पेनाची शाई स्वतःच द्रवाबरोबर वर चढते आणि सगळं बिघडवते. त्या रेघेवर केसाएवढ्या बारीक काचेच्या नळीने आटवलेल्या पाण्याचा थेंब ठेवायचा, वाळू द्यायचा, त्याच जागी पुन्हा थेंब, पुन्हा वाळवायचा. शेजारी त्याच रेघेवर ओळखीच्या धातूंचे ठिपके. मग पट्टी बरणीत उभी करायची. तळाशी ॲसिटोन आणि थोडं ॲसिड घातलेलं पाणी. खिडकी उघडी, पंखा चालू, झाकण बंद. द्रव कागदातून वर चढतो, जाता जाता धातूंना सोबत नेतो, आणि प्रत्येक धातू आपापल्या ठिकाणी मागे राहतो. कोण लगेच थांबतो, कोण वरपर्यंत जातो. पण ते डोळ्यांना दिसत नाही. कागद वाळवून त्यावर दुसरं रसायन फवारलं की मग रंग उमटतात. लोखंडाचा निळा, तांब्याचा विटकरी, शिशाला वेगळं रसायन लागतं, त्याचा पिवळा. “अनोळखी माणूस कोण ते कसं कळतं?” त्या विचारायच्या, आणि स्वतःच सांगायच्या, “त्याच्या शेजारी ओळखीचा बसवायचा. दोघे एकाच उंचीवर थांबले आणि एकाच रंगाचे झाले, की तोच तो.”

एक पट्टी नेहमी नुसत्या शुद्ध पाण्याची. तिच्यावर काही उमटायला नको, म्हणून. उमटलं तर दोष बीकरमध्ये किंवा आपल्या हातात, पाण्यात नाही. आणि उरलेला द्रव बेसिनमध्ये ओतायचा नाही. तो एका जाड बाटलीत साठवून, गावात घातक कचरा गोळा करण्याचा दिवस असे तेव्हा त्या निखिलदादाला गाडी काढायला लावायच्या. “पाणी तपासणारीनेच पाणी नासवलं तर मग झालंच की बाप्पा.”

आमच्या भागात आसपासच्या गावांत कितीतरी घरांना स्वतःची बोअरची विहीर आहे, आणि जुन्या घरांत जुने पाइप. त्यामुळे रियाची गोष्ट मराठी मंडळींत पसरली तशा बाटल्या येऊ लागल्या. कोणी पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, येताना पुलावाच्या ट्रेबरोबर बाटली आणायचं. मावशी प्रत्येकाला तीन प्रश्न विचारायच्या: कोणत्या नळाचं, सकाळचं पहिलं की नंतरचं, आणि कशातून भरलं. उत्तर नीट आलं नाही तर बाटली परत. आणि निकाल सांगताना प्रत्येक वेळी एकच वाक्य, “मी फक्त कोणता ते सांगते, किती ते नाही. घाबरू नका, आधी सर्टिफाइड लॅबला पाठवा.” वुस्टरमध्ये एका जुन्या तीनमजली लाकडी घरात चार मराठी विद्यार्थी राहत होते. त्यांच्या पाण्याच्या पट्टीवर एकदा पिवळा ठिपका उमटला. मावशींनी तीनदा तपासलं, तीनदा उमटला. लॅबनेही शिसंच सांगितलं आणि घरमालकाला पाइप बदलावा लागला. त्यातला एक मुलगा पेढे घेऊन आला आणि वाकून नमस्कार करत म्हणाला, “प्रोफेसर मॅडम, थँक यू.” मावशींनी पेढा घेतला. “प्रोफेसर नाही रे. लॅब असिस्टंट होते. प्रोफेसर वर्गात शिकवायचे, मी बाटल्या धुवायचे.” तो ओशाळला. त्या मात्र खूश होत्या.

ही दुरुस्ती त्या कधीच चुकवायच्या नाहीत. निखिलदादाने एकदा पाहुण्यांसमोर ‘आई कॉलेजमध्ये केमिस्ट्रीला होती’ असं गुळमुळीत सांगितलं, तेव्हा त्यांनी स्वयंपाकघरातून हाक देऊन वाक्य पुरं केलं होतं, “लॅब असिस्टंट.” अमरावतीच्या एका कॉलेजात त्यांनी तीस वर्षं हे काम केलं. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत घाबरलेली मुलं त्यांच्या कानाशी लागायची, ताई, माझ्या पुडीत काय आहे तेवढं सांगा ना. त्यांना माहीत असायचं, पुड्या त्यांनीच बांधलेल्या असायच्या. त्यांनी कधी सांगितलं नाही. एकदा एक मुलगी रडायला लागली, तिला जे रंग येत होते ते कुठल्याच पुस्तकात बसत नव्हते. मावशी तिच्याजवळ जाऊन एवढंच म्हणाल्या, “टेस्ट ट्यूब कशाने धुतली?” मुलीने ट्यूब पुन्हा धुतली, आणि ती पास झाली.

जर्नलच्या बाबतीतही त्यांचा एक नियम होता, तो त्यांनी इथेही आणला होता. चूक खोडायची नाही, गिरवायची नाही, पांढरं लावायचं नाही. तिच्यावर एकच रेघ मारायची, अशी की खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी बरोबर ते लिहून सही करायची. “आणि रेघ ज्याची चूक त्याने मारायची. दुसऱ्याच्या अक्षरावर मी हात नाही चालवत.” माझी लेबलं त्या मला मराठीत लिहायला लावायच्या, हात बसावा म्हणून. माझं देवनागरी अक्षर अजून तिसरीतल्या मुलीसारखं आहे. ‘ळ’ मला नीट काढता येत नाही. एकदा मी ‘बेसिन’च्या जागी ‘बाथरूम’ लिहिलं होतं. त्यांनी पेन्सिल माझ्या हातात दिली आणि मी रेघ मारेपर्यंत बाजूला उभ्या राहिल्या.

आता भिंतीबद्दल लिहायला हवं.

संदीपकाका आणि शुभांगीकाकू पलीकडच्या गावात राहतात, बोअरच्या घरात. त्यांची मुलगी बाळाला घेऊन महिनाभर येणार होती, म्हणून काकांना पाणी तपासून हवं होतं. मावशींच्या गुडघ्याने त्या आठवड्यात उचल खाल्ली होती, म्हणून त्यांनी मला पाठवलं. जाताना बजावलं, किचनच्या नळाचं, सकाळी उघडल्याबरोबर येतं ते पहिलं, थेट बाटलीत. मी सकाळी सातला पोचले. काकूंनी दार उघडलं, बाटली माझ्या हातून घेतली, “तू बस गं, थंडीतून आलीस, मी देते भरून,” म्हणाल्या आणि आत गेल्या. मी सोफ्यावर बसले. आतून आवाज आला. तो नळाचा आवाज नव्हता. नळ जोरात येतो आणि स्टीलच्या सिंकवर आपटतो. ही बारीक धार होती, हळूहळू बाटली भरत जाणारी. मी मान थोडी वळवली. डायनिंग टेबलाच्या कोपऱ्यात, लाकडी स्टँडवर, तोटी असलेला तांब्याचा हंडा होता आणि काकू त्याखाली बाटली धरून उभ्या होत्या. रात्रभर तांब्यात ठेवलेलं पाणी. पाहुण्याला चांगलं तेच द्यायचं, या हिशोबाने त्यांनी घरातलं सगळ्यांत चांगलं पाणी मला भरून दिलं होतं.

मला तेवढंच म्हणायचं होतं, काकू, हे नको, नळाचं हवं. वाक्य मनात जुळवलंही. पण तोवर त्यांनी झाकण लावलं होतं, बाटली माझ्या पिशवीत ठेवली होती आणि चिवड्याची बशी हातात दिली होती. त्यांनी एवढ्या आपुलकीने भरलेली बाटली त्यांच्यासमोर ओतून टाकायची... मला ते जमलं नाही. गाडीत बसून मी लेबल लिहिलं. ‘किचन नळ, सकाळ.’ लिहिताना मला माहीत होतं.

मावशी प्रत्येकाला ते तीन प्रश्न विचारायच्या. मला त्यांनी विचारले नाहीत.

पट्टीवर विटकरी ठिपका उमटला, गडद, ओळखीच्या तांब्याच्या बरोबर शेजारी. मावशींनी फोनवर नेहमीचं वाक्य सांगितलं, आधी लॅबला पाठवा. काकांनी नळाचं पाणी पाठवलंही, पण त्यांच्याने रिपोर्टची वाट बघवली नाही. मुलगी यायला आठच दिवस उरले होते. पाइप आतून गंजतोय असं धरून त्यांनी प्लंबर बोलावला. सिंकमागची भिंत, नुकत्याच बसवलेल्या टाइल्ससकट उघडली. पाइप स्वच्छ होते. दोन दिवसांनी लॅबचा रिपोर्टही स्वच्छ आला. मी तो आठवडा लायब्ररीत बसून काढला आणि मावशी झोपायला वर गेल्या असतील अशा वेळी घरी येत राहिले.

रविवारी मावशींनी मला गाडी काढायला सांगितली. काकांच्या घरी त्यांनी आधी ती उघडी भिंत बघितली, मग स्वतः किचनच्या नळाचं पाणी भरून घेतलं. काका तुटक बोलत होते. काकूंनी स्टीलच्या पेल्यांतून पाणी आणलं. “तांब्याचं आहे हो मावशी, रात्रभर ठेवलेलं. आम्ही हेच पितो.” मावशींनी पेल्याकडे बघितलं, मग कोपऱ्यातल्या हंड्याकडे, मग माझ्याकडे. एकदाच. मग पाणी पूर्ण प्यायल्या. म्हणाल्या, “छान आहे. गाडीत प्यायला थोडं बाटलीत देतेस का, शुभांगी?” आणि काकांकडे वळून, हात जोडून, “तुमचं पाणी चांगलं आहे. चूक माझ्या टेबलावर झाली. मी विचारायला पाहिजे होतं ते विचारलं नाही. मला माफ करा.” काका म्हणाले, “नाही नाही, तुम्ही काय मुद्दाम केलं का.” मावशींनी त्या वेळी हंड्याचं नाव घेतलं असतं, तर काकूंना त्यांच्या नवऱ्यासमोर आणि मला सगळ्यांसमोर मान खाली घालावी लागली असती. त्यांनी घेतलं नाही.

परतताना गाडीत त्या खिडकीबाहेर बघत होत्या. सिग्नलला थांबलो तेव्हा मी तोंड उघडलं होतं, मला आठवतं... मग हिरवा झाला. घरी त्यांनी दोन्ही पाणी आटवलं. नळाच्या पाण्याचा ठिपका दिसेल न दिसेल असा. गाडीत प्यायला म्हणून आणलेल्या पाण्याचा विटकरी, गडद. त्यांनी मला हाक मारली. “बघ.” मी बघितलं. म्हटलं, हो. त्या थांबल्या, जशा त्या ‘बाथरूम’च्या वेळी थांबल्या होत्या. मी आणखी काही बोलले नाही. मग त्यांनी काकांच्या घरची ती पहिली पट्टी, बाटलीवरच्या माझ्या लेबलासकट, टेबलावरच्या भिंतीला टाचणीने लावली. “ही टाकू नको. इथे राहू दे,” एवढंच म्हणाल्या. मला ओरडल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

बाटल्या येणं थांबलं. पॉटलकला कोणीतरी म्हणालं, “मावशी, आमच्या पाण्यात सोनं निघतंय का बघा, म्हणजे भिंत आम्हीच फोडतो.” मावशी सगळ्यांबरोबर हसल्या. निखिलदादाला काळजी वाटायला लागली होती. “आई, इथे लोक लगेच केस करतात. उद्या कोणाच्या वकिलाचं पत्र आलं तर?” त्यावर त्या म्हणाल्या, “येऊ दे. त्याच्या घरचं पाणी पण तपासून देऊ.” पण टेबल रिकामं राहायला लागलं ते त्यांना जाणवत होतं. त्या रोज खाली यायच्या, बरण्या पुसायच्या. रियाला घेऊन बर्फ वितळवून त्याचं पाणी तपासायच्या, गटाराच्या जाळीपाशी साठलेलं तपासायच्या. एकदा रियाने विचारलं, “आजी, नोबडी इज ब्रिंगिंग वॉटर. व्हाय आर वी स्टिल डूइंग धिस?” मावशी म्हणाल्या, “हात विसरतो म्हणून.”

माझं एमएस संपलं, नोकरी लागली ती पाणी तपासणाऱ्या लॅबमध्येच, आणि मी दहा मिनिटांवरच्या अपार्टमेंटमध्ये राहायला गेले. लॅबने एकदा घरच्यांना बघायला बोलावलं होतं. माझं इथे कोणी नाही, म्हणून मी मावशींना नेलं. त्या मशीनभोवती एक चक्कर मारून आल्या. मिनिटा-दोन मिनिटांत एका थेंबातले सगळे धातू, आकड्यांसकट, हे ऐकून त्यांनी मान हलवली, आणि माझ्या सुपरवायझरला विचारलं, “ब्लँक? हाउ मेनी टाइम्स?” शुद्ध पाण्याची पट्टी. तो खुर्चीत सरळ बसला आणि पुढची पंधरा मिनिटं त्यांच्याशीच बोलत राहिला. शेवटी त्याने अदबीने विचारलं, तुम्ही प्रोफेसर होता का? “नो, नो. लॅब असिस्टंट. थर्टी इयर्स.” तो म्हणाला, मग बरोबर. मला त्या दिवशी त्यांचा किती अभिमान वाटला, हे मी त्यांना सांगितलं नाही. मी त्यांना काय काय सांगितलं नाही याची यादी मोठी आहे.

शेवटची भेट जानेवारीतली. मी जाणं कमी केलं होतं. कारण कामाचं सांगत होते, खरं कारण टेबलावरच्या भिंतीला टाचलेलं होतं. त्या खुर्चीवर बसून पेन्सिलीला चाकूने टोक करत होत्या, कारण शार्पनरने टोक आखूड होतं असं त्यांचं मत. मी बराच वेळ उभी होते. त्यांनी वर न बघता विचारलं, “काही सांगायचं आहे का?” मी म्हटलं, नाही, असंच आले. “बरं,” त्या म्हणाल्या. “टेबल इथेच आहे.”

दिवस घरीच केले, त्यानंतरच्या शनिवारी सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं. गराजमध्ये बुटांची रांग लागली. जेवणं झाल्यावर काही मंडळी मावशींचं टेबल बघायला खाली आली, मी त्यांच्या मागे. ओलसर, किंचित आंबूस वास तसाच होता. बरण्या पुसलेल्या, दोरीवरचे चिमटे रिकामे, पेन्सिल सुतळीने टेबलाच्या पायाला बांधलेली, टोक चाकूने केलेलं. रिया भिंतीजवळ उभी होती. बारा वर्षांची झाली आहे आता. तिने ती पट्टी वाचली, मग मला म्हणाली, “ताई, दिस वन इज राँग, राइट? आजी टोल्ड मी. सो व्हाय इज देअर नो लाइन?”

मी काही म्हणणार तोवर संदीपकाका पुढे आले. त्यांनी चष्मा लावून पट्टी बघितली आणि मागे वळून सगळ्यांना म्हणाले, “हीच ती. आमच्या भिंतीवाली.” लोक हलकं हसले, दुःखाच्या घरात हसतात तसं. “पण एक सांगतो. प्रोफेसर मॅडमची एकदाच चूक झाली, आणि त्या माझ्या घरी येऊन हात जोडून गेल्या. एवढं मोठं मन कोणाचं असतं? चूक कोणाचीही होते.” ते मनापासून बोलत होते. शुभांगीकाकू त्यांच्या मागे पदराने डोळे टिपत होत्या. मी वाट बघितली की आता विषय बदलेल. पण या वेळी तो बदलला नाही.

मी सुतळीची पेन्सिल घेतली. ‘किचन नळ’ यावर एक रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी, आणि शेजारी लिहिलं, ‘तांब्याचा हंडा’. ‘ळ’वरून रेघ सरळ गेली. रियाने सही कर म्हणून कोपरा दाखवला, मी सही केली. काका चष्म्यातून वाचत होते आणि त्यांना कळत नव्हतं. लिहून भागणार नाही, हे माझ्या लक्षात आलं. या वेळी मी वाक्य आधी जुळवलं नाही.

“काका, ते पाणी नळाचं नव्हतं, हंड्यातलं होतं,” मी म्हटलं. “काकूंनी चांगलं पाणी म्हणून दिलं. नळाचं हवं हे मी त्यांना सांगायला पाहिजे होतं. मी बघितलं होतं, तरी लेबल असं लिहिलं. मावशींनी तपासलं ते बरोबर होतं. चूक माझी होती... आणि काका, त्या प्रोफेसर नव्हत्या. लॅब असिस्टंट होत्या.”